महेश्वर, मॉस्को आणि अंबडची बारव

31 मे 2025 रोजी अहिल्याबाई होळकरांच्या जन्माला तीनशे वर्षं झाली. त्याच महिन्यात राज्याचं मंत्रिमंडळ त्यांच्या जन्मगावी, चौंडीला बसलं. जालना जिल्ह्यातल्या अंबडलाही हे नाव घरचं आहे. अंबड होळकरांच्या दक्षिणेतल्या मुलखातला महाल. 1805 च्या तहात इंग्रजांनी यशवंतराव होळकरांना परत द्यायच्या ठाण्यांमध्ये चांदवड, गाळणा यांच्या जोडीला अंबडचंही नाव आहे. गावातली पायऱ्यांची बारव अहिल्याबाईंची, मत्स्योदरी देवीच्या देवळाला हात लावला तोही त्यांनीच, असं इथली जुनी माणसं सांगतात.

अहिल्याबाईंच्याच काळात रशियात दुसरी कॅथरीन राज्य करत होती. कॅथरीन 1762 ते 1796, अहिल्याबाई 1767 ते 1795. दोघी विधवा, दोघींच्या हातात मोठं राज्य, दोघींच्या वाटेत राज्य आपल्याला मिळावं म्हणून टपलेले पुरुष. त्यांच्यावरून अंबडच्या एका घरात जो वाद रंगतो, तो मी इथे दोन तोंडी मांडतो आहे. मामा इतिहासाचे निवृत्त शिक्षक. भाची लोकप्रशासनाची अभ्यासक. दोघांचाही अहिल्याबाईंवर जीव आहे, म्हणूनच वाद तुटत नाही.

भाची: मामा, जयंतीच्या भाषणात तुम्ही परत देवळं मोजलीत. काशी, गया, सोमनाथ, घृष्णेश्वर. अठ्ठावीस वर्षं राज्य केलेल्या बाईबद्दल आपण सांगतो काय, तर देवळं, घाट आणि हातातली पिंड. कॅथरीनबद्दल कोणी असं बोलेल का?

मामा: देऊळ डोळ्यांना दिसतं, म्हणून तिथून सुरुवात करतो. पण ती देवळं कुठे आहेत ते बघ. काशी होळकरांच्या राज्यात नव्हती. गया नव्हती, सोमनाथ नव्हतं. विश्वेश्वराचं देऊळ 1780 च्या सुमाराला उभं राहिलं, तेव्हा काशीवर कंपनीचा अंमल सुरू झालेला होता. परक्या मुलखात जागा मिळवायची, कारागीर लावायचे, हुंडीने पैसा पोचवायचा, वर पूजा आणि अन्नछत्र पुढेही चालेल अशी नेमणूक करून ठेवायची. जागोजागी वकील आणि सावकारांत पत असल्याशिवाय हे होतं का?

भाची: मग भाषणात वकील सांगा, हुंड्या सांगा! तुम्ही तर त्यांची श्रद्धाच सांगता. श्रद्धा त्या काळात कोणाची नव्हती? पण सगळ्यांना राज्य चालवता आलं नाही. मला राग येतो तो याचा. राज्यकर्ती बाई समोर दिसत असताना आपण तिला देव्हाऱ्यात बसवतो आणि देव्हाऱ्यातल्या मूर्तीला कोणी कारभाराचा जाब विचारत नाही. रशियात कॅथरीनला अडीचशे वर्षं जाब विचारला जातोय.

मामा: बरं, तुझी कॅथरीन सांग.

भाची: ती रशियन नव्हतीच. 1729 मध्ये श्टेटिनला, एका लहान जर्मन राजघराण्यात जन्मली. चौदा-पंधराव्या वर्षी रशियात आणली, धर्म बदलला, नाव बदललं. नवरा तिसरा पीटर गादीवर बसला आणि सहा महिन्यांत, 1762 च्या उन्हाळ्यात, तिने राजधानीतल्या पलटणी हाताशी धरून त्याला उतरवलं. आठवडाभरात तो तिच्याच माणसांच्या कैदेत मेला. गादीवर तिचा रक्ताचा कसलाही हक्क नव्हता. आणि तरी तिने चौतीस वर्षं राज्य केलं. 1764 मध्ये मुलींसाठी स्मोल्नी विद्यालय काढलं. 1768 मध्ये इंग्लंडहून डॉक्टर बोलावून देवी टोचून घेतल्या, आधी स्वतःला, मग मुलाला, म्हणजे लोकांची भीती जाईल. 1775 मध्ये प्रांतांचा कारभार नव्याने बांधला, 1786 मध्ये सरकारी शाळांचा कायदा केला. आणि 1767 मध्ये मॉस्कोला पाचशेहून जास्त प्रतिनिधी बोलावले, कायद्यांची नवी संहिता करायला. त्यांच्यापुढे ठेवायला स्वतः ग्रंथ लिहिला, ‘नकाझ’. मोन्तेस्क्यू वाचून, बेकारिया वाचून. छळ करून कबुली घेऊ नये, शिक्षा गुन्ह्याच्या मापाची असावी, असं एक सम्राज्ञी 1767 मध्ये लिहिते आहे. आपल्याकडे असं काय लिहिलं गेलं?

मामा: त्या साली आपल्याकडे काय चाललं होतं ते ऐक. बाईंचे सासरे मल्हारराव 1766 च्या मे महिन्यात आलमपूरला गेले. नातू मालेराव गादीवर आला आणि वर्षाच्या आत तोही गेला. अहिल्याबाईंचा नवरा खंडेराव 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडला होता. म्हणजे नवरा, सासरा आणि एकुलता एक मुलगा, तिघंही गेले. घरचा दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड म्हणाला, लहान मूल दत्तक घ्या. कारभार मग त्याच्याच हातात राहिला असता. बाईंनी ऐकलं नाही म्हटल्यावर त्याने राघोबादादांना बोलावलं. दादा फौज घेऊन निघाले. बाईंनी शिंदे, भोसले, गायकवाड यांना पत्रं धाडली, आपली फौज उभी केली, पुण्याला माधवराव पेशव्यांकडे दाद मागितली. पेशव्यांनी कौल बाईंच्या बाजूने दिला. गोळी न सुटता दादा मागे फिरले. खजिन्यावर तुळशीपत्र ठेवून तो धर्मार्थ केला, असंही सांगतात.

भाची: ते तुळशीपत्र मला फार आवडतं. खजिना देवाचा झाला की राघोबादादांना त्याला हात लावता येत नाही. याला तुम्ही भक्ती म्हणता, मी राजकारण म्हणते.

मामा: दोन्ही एकदम असू शकतं. तुझ्या पिढीला ते पटत नाही.

भाची: पटतं. पण तुम्ही एकच अर्धं सांगता. 1765 मध्ये मल्हारराव तिला पत्राने सांगतात, तोफखाना घेऊन ग्वाल्हेरला जा, दारूगोळ्याची तजवीज कर. चाळिशीतल्या सुनेला सासरा हे लिहितो, म्हणजे ती आधीपासून कारभारात मुरलेली होती. जयंतीच्या किती भाषणांत तोफा येतात?

*(इथे मी भाचीच्या बाजूचा आहे. अहिल्याबाईंची जी चित्रं आपण भिंतीवर लावतो, त्यांत पांढरी साडी असते, शिवलिंग असतं. रामपुऱ्याच्या चंद्रावत राजपुतांनी बंड केलं तेव्हा ते फौज धाडून मोडणारी बाई त्या चित्रात कुठेच नसते. ती दिसली तर त्यांचं मोठेपण कमी होईल अशी भीती कोणाला वाटते, हे मला कळलेलं नाही.)*

मामा: आता मी तुझ्या 1767 कडे येतो. मॉस्कोत ते पाचशे प्रतिनिधी जमले, त्यांत जमीनदारांच्या ताब्यातल्या कुळांचे किती जण होते?

भाची: एकही नाही.

मामा: आणि त्याच वर्षी, त्याच उन्हाळ्यात, कॅथरीनने हुकूम काढला. मालकाविरुद्ध सम्राज्ञीकडे अर्ज घेऊन येणाऱ्या कुळाला चाबकाचे फटके आणि जन्माची सक्तमजुरी, सैबेरियात. बरोबर?

भाची: बरोबर.

मामा: म्हणजे एका हाताने ‘नकाझ’ लिहिला आणि दुसऱ्या हाताने गरिबाचं तोंड शिवलं. महेश्वरला काय होत होतं? बाई रोज दरबारात बसायच्या आणि कोणीही यावं, आपलं गाऱ्हाणं सांगावं. कोणी फिर्याद आणली आणि ती क्षुल्लक असली तरी स्वतः ऐकायच्या. पडदा पाळत नव्हत्या. दुपारी बसायच्या त्या दिवस मावळेपर्यंत, रात्री जेवण झाल्यावर परत. मला सांग, खालच्या माणसाला कुठलं राज्य बरं? जिथे उत्तम ग्रंथ आहे पण अर्ज केला तर फटके आहेत, की जिथे ग्रंथ नाही पण दार उघडं आहे?

भाची: दार उघडं असलेलं बरं. याबाबत वाद घालणार नाही. कॅथरीनच्या त्या बंद दारातूनच 1773 मध्ये पुगाचोव्हचं बंड निघालं. एका कसाकाने आपण मेलेला पीटर आहोत असं सांगितलं आणि व्होल्गेच्या काठची कुळं त्याच्यामागे गेली. वर्षभराहून जास्त लागलं ते मोडायला. त्यानंतर कॅथरीन सुधारली का? नाही. 1785 ला तिने उमरावांना हक्कांची सनद दिली, कुळांच्या बेड्या तशाच ठेवल्या. हे सगळं मान्य. पण मामा, महेश्वरच्या दरबाराचं हे वर्णन तुम्ही कुठून आणलंत?

मामा: माल्कम. ‘मेमॉयर ऑफ सेंट्रल इंडिया’, 1823.

भाची: आणि माल्कम कोण? कंपनीचा अधिकारी. 1817 च्या डिसेंबरात महिदपूरला होळकरांची फौज ज्यांनी मोडली त्यांतला एक, आणि जानेवारी 1818 मध्ये मंदसोरचा तह ज्याने घडवून आणला तो. ज्याने राज्य संपवलं त्यानेच त्या राज्यातल्या सगळ्यात चांगल्या राणीची स्तुती लिहिली. आणि तीही बाई जाऊन पाव शतक उलटल्यावर, लोकांच्या तोंडून ऐकून. तिचा काळ सोन्याचा आणि तिच्यानंतरचा मातीचा, असं लिहिणं कंपनीच्या सोयीचंच होतं. मातीतून वर काढायला आम्ही आलो, असं मग म्हणता येतं.

मामा: सोय होती, म्हणून खोटं ठरतं का? त्याने माळव्यातल्या माणसांना विचारलं. तो स्वतः म्हणतो, स्तुती जास्त वाटली म्हणून उलटसुलट चौकशी केली, तरी जो तो चांगलंच सांगत होता. मोडकळीला आलेल्या मुलखात, लूट सोसलेल्या माणसांना पंचवीस वर्षांपूर्वीचा कारभार आठवतो, आणि तो आठवताना ते आकारणी आठवतात, रस्ते आठवतात, भिल्लांचा बंदोबस्त आठवतात. नुसती पूजा आठवत नाहीत. वाटमारी करणाऱ्या भिल्लांना बाईंनी आधी दम दिला, मग त्याच डोंगरवाटांची राखण त्यांच्याकडे सोपवली आणि वाटसरूंच्या मालावर त्यांचा ठरीव हक्क लावून दिला. वाट सुरक्षित राहिली तर त्यांचं पोट चालणार. ही बुद्धी कंपनीच्या अधिकाऱ्याने कल्पनेने रचलेली नाही.

भाची: हे मला पटतं. म्हणूनच म्हणते, जयंतीला हे सांगा.

मामा: सिरोंजच्या सावकाराची गोष्ट तुला माहीतच आहे. निपुत्रिक मेला. तिथल्या अंमलदाराने विधवेकडे मोठी रक्कम मागितली, द्या नाहीतर दत्तकाला मान्यता नाही. बाई महेश्वरला आली. अहिल्याबाईंनी दत्तक मंजूर केला, एक पैसाही नजराणा घेतला नाही आणि त्या अंमलदाराला काढून टाकलं. त्या काळात निपुत्रिकाचं घर म्हणजे सरकारला उत्पन्नाचं साधन. विधवेच्या पैशावर सरकारने हक्क सांगायचा नाही, हा त्यांचा कायदाच होता की.

भाची: नाही मामा, इथेच मी अडते. तो कायदा नव्हता. तो त्यांचा स्वभाव होता. कुठल्या कागदावर लिहून पुढच्याला बांधून ठेवलेला नियम नव्हता तो. सिरोंजच्या बाईला न्याय मिळाला, कारण ती महेश्वरपर्यंत पोचली. जी पोचली नाही तिचं काय? आता आपल्या अंबडचंच घ्या. तुमचाच माल्कम लिहितो की होळकरांच्या फौजेचा सेनापती तुकोजी दक्षिणेत असला की सातपुड्याच्या खालचा सगळा मुलूख तो पाहायचा आणि वरचा अहिल्याबाई. एकदा तर तो बारा वर्षं दक्षिणेतच होता. म्हणजे अंबडच्या कुणब्याने ‘अहिल्याबाईंचं राज्य’ म्हटलं, तरी त्याच्या दारात वसुलीला येणारा माणूस बराच काळ तुकोजीचा. इथून महेश्वर किती लांब, वाटेत तापी, सातपुडा, नर्मदा. तो गाऱ्हाणं घेऊन कधी पोचणार?

*(मामा इथे बराच वेळ गप्प राहिले. हा मुद्दा अंबडच्या माणसाला बोचणारा आहे आणि मला तो सगळ्या वादातला सगळ्यात मोलाचा वाटतो. आपल्या गावात राणीची बारव आहे, म्हणून आपल्या गावावर राणीचाच कारभार होता, असं आपण धरून चालतो.)*

मामा: बारव खासगीतली. खासगी आणि दौलत वेगळी होती, ते विसरू नकोस. दुकानाचा गल्ला वेगळा आणि घरचा डबा वेगळा, तसं. मल्हाररावांच्या काळापासून होळकरांच्या बायकांच्या नावाने खासगीचे महाल तोडून दिलेले होते. त्यांचं उत्पन्न दौलतीच्या हिशेबात येत नव्हतं. घाट, देवळं, बारवा, अन्नछत्रं, सगळं त्या खासगीतून. फौजेचा पगार, पेशव्यांचा भरणा, कारकुनांचं वेतन हे दौलतीतून. सरकारी पैसा देवधर्मावर उधळला असं कोणी म्हणालं तर त्याला हे सांगायचं. आणि तुझी कॅथरीन? खासगी मर्जीतल्या माणसांना सरकारी जमिनी आणि त्या जमिनींवरची माणसं वाटली. लाखोंनी. खेडुतांना माणूस म्हणून मोजलं नाही, बक्षीस म्हणून मोजलं.

भाची: खासगीचा मुद्दा मी डोक्यावर घेते. आजचे पुढारी ज्या पैशातून स्वतःच्या नावाची कमान उभारतात तो कोणाचा, हे विचारायला तीनशे वर्षांपूर्वीचा दाखला आपल्याकडे आहे. पण मामा, खासगी भरलेली आणि दौलत कर्जात, असंही झालं ना? तुकोजी मोहिमेवरून पैसे मागतोय, बाई म्हणतात आधी हिशेब दे. इंग्रजांशी पहिलं युद्ध चालू असताना ही ओढाताण. दोघांत कोण बरोबर ते सोडा. तुकोजी उधळ्या होता, मान्य. पण एका राज्याची तिजोरी एकीकडे आणि तलवार दुसरीकडे, आणि दोघांत विश्वास नाही, ही व्यवस्था अठ्ठावीस वर्षं तशीच चालू राहिली. महादजी शिंद्यांनी द ब्वान्यकडून कवायती पलटणी उभ्या केल्या. होळकर जागे झाले तेव्हा उशीर झाला होता. आपल्या नोकरीतल्या दुद्रनेकच्या चार पलटणी घेऊन 1793 मध्ये लाखेरीला गेले आणि शिंद्यांच्या पलटणींनी त्या कापून काढल्या. मराठ्यांनीच मराठ्यांच्या. तेव्हा अहिल्याबाई हयात होत्या.

मामा: वय अडुसष्ट. आणि घरात काय उरलं होतं? नातू नथ्याबा गेला. 1791 मध्ये जावई यशवंतराव फणसे गेला आणि मुलगी मुक्ताबाई सती गेली. खंडेराव गेला तेव्हा सासऱ्याने अहिल्याबाईंना चितेवरून मागे खेचलं होतं. त्यांनी मुलीला मागे खेचायचा सगळा प्रयत्न केला, ती थांबली नाही. नर्मदेच्या काठावर हे डोळ्यांनी पाहिलेल्या बाईकडे तू पलटणींचा हिशेब मागतेस?

भाची: मागते. त्यांचं दुःख मला कळतं, रडू येतं वाचताना. पण दुःखाच्या मोठेपणाने हिशेब माफ करायचा, हे आपण फक्त बाई राज्यकर्तीच्या बाबतीत करतो. महादजीच्या बाबतीत करत नाही. मला त्यांना ती सूट द्यायची नाही, कारण मला त्या महादजीच्या बरोबरीच्या वाटतात.

मामा: बरं. माग हिशेब.

भाची: 13 ऑगस्ट 1795 ला त्या गेल्या. 1797 मध्ये तुकोजी गेला. लगेच त्याच्या मुलांत, काशीराव, मल्हारराव, विठोजी, यशवंतराव यांच्यात गादीची भांडणं. मल्हाररावाला पुण्यात दौलतराव शिंद्यांच्या माणसांनी मारलं. 1802 मध्ये यशवंतरावाने पुणं मारलं, बाजीराव पळून वसईला गेला, इंग्रजांशी तह केला. आणि 23 सप्टेंबर 1803 ला आपल्याच जिल्ह्यात, भोकरदनच्या बाजूला असईला, वेलस्लीने शिंदे-भोसल्यांची फौज मोडली. यशवंतराव त्या लढाईत आलाच नाही. अहिल्याबाई जाऊन आठ वर्षं झाली होती.

मामा: असईचं पाप तू त्यांच्या पदरात घालणार?

भाची: असईचं नाही. मी एवढंच विचारते, आपल्यामागे कोण, कोणत्या नियमाने, कोणाच्या देखरेखीखाली, हे त्यांनी बांधून ठेवलं का? कॅथरीननेही ठेवलं नाही. मुलगा पॉल आईचा इतका दुस्वास करत होता की गादीवर बसल्यावर 1797 मध्ये त्याने वारसाचा कायदाच बदलला. घराण्यातला पुरुष शिल्लक असेपर्यंत बाईला गादी नाही. त्यानंतर रशियात बाई गादीवर बसलीच नाही. पण कॅथरीनच्या शाळा, प्रांतांची घडी, स्मोल्नी, हे तिच्यामागे चालू राहिलं, कारण ते कागदावर होतं, पगारी माणसांच्या हातात होतं. महेश्वरचा दरबार माणसाबरोबर मिटला.

मामा: सगळा नाही मिटला. खासगीच्या नेमणुका चालत राहिल्या. राज्य बुडालं, संस्थान झालं, संस्थान विलीन झालं, तरी 1962 मध्ये त्या धर्मादायाचा ट्रस्ट झाला. महेश्वरचे माग अजून चालू आहेत. बाहेरून विणकर आणून वसवले, त्यांची साडी आज जालन्याच्या दुकानात मिळते. तुला कागदावरची संस्था हवी, ही घे. अडीचशे वर्षांची.

भाची: म्हणजे त्यांनी जे बांधून ठेवलं ते टिकलं. देवाचं बांधून ठेवलं, ते टिकलं. न्यायाचं बांधून ठेवलं नाही, ते गेलं. त्यांना बांधून ठेवता येत नव्हतं असं नाही, मामा. खासगीच्या नेमणुकांकडे पाहिलं की कळतं, किती बारकाईने येत होतं. म्हणून मला जास्त चुटपुट लागते.

मामा: ते राज्य पेशव्यांच्या सनदेचं होतं. कॅथरीन कोणाची सरदार नव्हती. अहिल्याबाईंनी वारसाचा कायदा लिहिला असता तरी पुण्याने मानला असता का? तुकोजीच्या पोरांनी मानला असता?

भाची: कदाचित नसता. पण आणखी एक सांगते, मग थांबते. यशवंतराव गेल्यावर लहान मुलाच्या नावाने होळकरांचा कारभार परत एका बाईकडे आला. तुळसाबाई. अहिल्याबाईंना जाऊन अवघी सोळा वर्षं झाली होती. म्हणजे बाईच्या राज्याचा एवढा मोठा दाखला घरात ताजा. आणि 20 डिसेंबर 1817 ला, महिदपूरच्या लढाईच्या आदल्या दिवशी, होळकरांच्याच फौजेने तिला क्षिप्रेच्या काठी नेऊन तिचं डोकं उडवलं.

मामा: तुळसाबाई आणि अहिल्याबाई यांची तुलना करू नकोस. ती इंग्रजांशी बोलणी करत होती म्हणून फौजेला संशय आला.

भाची: तुलना करतच नाही. तुळसाबाई वाईट होती असं धरा. वाईट पुरुष सरदार त्या शतकात शेकड्यांनी होते, त्यांना फौजेने असं नेलं का? मी म्हणते ते एवढंच, की अहिल्याबाईंना त्या घराण्याने देवी मानलं आणि त्यामुळेच त्यांच्यासारखं दुसऱ्या बाईने राज्य करावं, ही वहिवाट पडली नाही. देवी एकच असते. पुढच्या बाईला देवी होता आलं नाही, आणि साधी राज्यकर्ती म्हणून तिला कोणी उभं राहू दिलं नाही.

मामा: पुढच्या जयंतीला तू बोल.

भाची: बोलेन. पण तोफा, खासगी, भिल्लांचा हक्क आणि लाखेरी, सगळं सांगेन. लाखेरी गाळायची नाही.

मामा: लाखेरी सांग. त्याच्या आधी सिरोंज सांग.